चढावर थांबलेली गाडी

१

गाडीखाली उताणी पडून मी टॉर्च मारला आणि माझ्या तोंडून एक शिवी निघून गेली. वहिनी बाहेरच उभ्या होत्या, त्यांनी ती ऐकली असणार. पण ऐकून न ऐकल्यासारखं करण्याइतक्या त्या सभ्य आहेत.

मी जुन्या गाड्यांची किंमत सांगते. विकत नाही, घेत नाही, फक्त सांगते आणि सांगण्याचे पैसे घेते. दलाल मंडळी माझ्या माघारी मला 'घासाघीस' म्हणतात आणि समोर 'ताई'. मला दोन्ही चालतं. पेट्रोलची गाडी असली की इंजिनाचा आवाज, टायर, दारांच्या फटी, सगळं काही ना काही चुगली करतच असतं. विजेच्या गाडीचं तसं नाही. ती मूग गिळून बसते. तिची सगळी किंमत पोटाखालच्या बॅटरीत असते, आणि ती बॅटरी ठणठणीत आहे की शेवटच्या घटका मोजतेय हे वरून कळत नाही. म्हणून मी माझ्या यंत्राने बॅटरी तपासते आणि समाधान झालं की तिच्या पेटीच्या एका कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका देते, अर्धा बोल्टवर आणि अर्धा पेटीवर. पुढे कुणी बोल्ट फिरवला तर ठिपका मोडतो. नेलपॉलिश भडक लाल आहे. नखांना मी ते जन्मात लावलेलं नाही.

इथे ठिपका मोडलेला नव्हता. ठिपकाच नव्हता. बोल्टवर नाही, पेटीवरही नाही. बोल्ट सैल करून कुणी आत हात घातला होता असं नव्हे, तर अख्खी बॅटरीच दुसरी होती. मी पसंत केलेली काढून तिथे कुणीतरी म्हातारी, दम लागणारी बॅटरी बसवली होती.

"काय झालं, ताई?" वहिनींनी वाकून विचारलं.

"बॅटरी उतरतेय," मी कपडे झटकत बाहेर आले. "लवकर उतरतेय. बघते काय ते."

बॅटरी बदललीय हे मी कुणालाच सांगणार नव्हते, त्यांनाही नाही. आपल्याला किती कळलंय हे ज्याने केलं त्याला कळलं, की संपलंच.

वहिनी एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळतात. त्यांचे यजमान बस डेपोत फोरमन होते. निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत दोन्ही किडन्यांनी हात टेकले. दिवसाआड डायलिसिस. शहरातलं केंद्र बंद पडलं, तेव्हापासून उरलं ते डोंगरावरचं हॉस्पिटल. भाड्याच्या गाडीने जाऊन येऊन घर आतून पोखरत चाललं होतं. शेवटी वहिनींनी बांगड्या मोडल्या आणि जुनी गाडी घ्यायचं ठरवून माझ्याकडे आल्या.

"हायब्रिड घेऊ का?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"हायब्रिडला पेट्रोल लागतंच. गाडी परवडेल, चालवणं परवडणार नाही. विजेचीच घ्या. पण बॅटरी अशी हवी की तो चढ चढून, वर चार्ज न करता, तुम्हाला परत घरी आणेल." हॉस्पिटलच्या आवारातला चार्जर कधीचा मेलाय. "तशी बॅटरी असली तर मी सांगेन ती किंमत द्या. नसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नका."

तशी गाडी मिळाली. मी किंमत सांगितली, दलालाने छाती बडवून घेतली आणि दिली. आणि डायलिसिसच्या पहिल्याच फेरीला ती अर्ध्या चढावर थांबली, फोरमन आत बसलेले असताना. त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्समधून नेलं तेव्हा त्यांना धड बोलवत नव्हतं.

"अजून थोड्या फेऱ्यांचं भाडं निघेल," वहिनी म्हणाल्या. "मग नाही. मग हे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पदराने उगाच गाडीची काच पुसली. मग म्हणाल्या, "ताई, हे कुणी केलं ते तुम्ही शोधा. मला कळलंच पाहिजे."

२

दलालाच्या आवारात एका कोपऱ्यात हायड्रोजनवर चालणारी एक देखणी गाडी आहे. हायड्रोजन भरायचा एकुलता एक पंप बंद झाला त्या दिवशी तिची किंमत शून्य झाली. आता तो तिच्या डिकीत झाडू आणि बादल्या ठेवतो.

"या, ताई, या! आज कुणाचा गळा कापायचाय? माझाच ना?"

"त्या पांढऱ्या गाडीची बॅटरी उतरतेय."

"उतरतेय?" त्याने हात जोडून आभाळाकडे बघितलं. "तुम्हीच तपासलीत. तुम्हीच माझ्या पोटावर पाय देऊन किंमत पाडलीत. आणि आता ती उतरतेय हे तुम्हीच मला सांगायला आलात?"

"मी तपासल्यानंतर ती तुझ्याकडे एक रात्र होती."

"होती ना. आणि दुसऱ्या दिवशी पैसे द्यायच्या आधी वहिनी आणि त्यांचा भाऊ, सगळे ज्याला लगबग म्हणतात तो, गाडी घेऊन पार हॉस्पिटलपर्यंत गेले आणि परत आले. मी इथे नखं खात बसलो होतो. आल्यावर वहिनी म्हणाल्या, अजून बरीच उरलीय. मग पैसे दिले आणि इथूनच गाडी घेऊन गेले. त्यानंतर ती माझ्या फाटकात आली असेल, तर ही हायड्रोजनवाली तुम्हाला फुकट. बादल्यांसकट."

मी तिथूनच वहिनींना फोन लावला. खरं होतं. भाऊ चालवत होता, त्या शेजारी बसल्या होत्या. वर जाऊन आल्या, कुठे अडलं नाही.

म्हणजे दलालाच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा गाडीत माझीच बॅटरी होती. दलाल लबाड आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या खेपेला लबाडी त्याने केलेली नव्हती, आणि याचं त्याला स्वतःलाच जरा नवल वाटत होतं.

मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत सोडायला आला. एरवी कधी येत नाही.

"माझ्या नावावर जाऊ नये म्हणून सांगतो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "त्या लगबगकडेही हीच गाडी आहे. डिट्टो. त्याची बॅटरी पार गेलीय. नवी बसवायला काय पडेल म्हणून गेल्या महिन्यात माझ्याकडे आला होता. मी आकडा सांगितला तर बिचारा पाणी मागून प्यायला."

३

वहिनींचं घर तळमजल्यावर आहे. रस्त्याकडे एक मोठी खिडकी, खिडकीपाशी हाताची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेली करडी शाल. फोरमन तिथे बसून दारातल्या गाडीकडे बघत होते. अंगावरचं मांस झडलंय, पण नजर अजून डेपोतलीच. माझ्या एका चपलेचा अंगठा निसटत आलाय हे त्यांनी मी उंबऱ्यात असतानाच सांगितलं.

लगबग तिथेच होता. तो घरोघरी पार्सलं पोचवतो आणि बसला तरी उठल्यासारखाच बसतो.

"भावोजी, माझा डावा आरसा तुटला हो काल," तो सांगत होता.

"तुटला नाही, तोडलास," फोरमन म्हणाले. "तुटला म्हणजे आपोआप. आपोआप काय झालं आणि कुणी काय केलं, हे वेगवेगळं सांगता आलं पाहिजे. डेपोत पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. 'साहेब, नट पडला' म्हणून कुणी आलं की मी विचारायचो, पडला की पाडलास?"

"लग्न झाल्यापासून ऐकतेय," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. "या घरात दूध उतू गेलं म्हणायची सोय नाही. घालवलं म्हणायचं."

तिघेही हसले. मीही हसले. त्या घरातलं तेवढंच हसू माझ्या लक्षात राहिलंय.

मी चढावरच्या त्या दिवशीचं विचारलं. वहिनी सांगू लागल्या. गाडी त्याच चालवत होत्या. अर्धा चढ चढून झाला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालायला लागली, मग थांबलीच. ऊन मी म्हणत होतं. आसपास झाड नाही, घर नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे मात्र शांत. मला म्हणाले, उतर, कडेला उभी राहा, मागून गाड्या येतात. मागच्या सीटवरून छत्री काढली, उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. पाण्याची बाटलीही दिली. स्वतःला तर घोटभरच चालतं. भाऊ गाडी ओढणाऱ्याला घेऊन येईपर्यंत छत्री धरून उभे होते. मी म्हटलं, अहो बसा, तर ऐकेनात."

"छत्री नेहमी नेता?" मी विचारलं.

"छे हो. नेहमी शाल नेतो. तिथे गारठा असतो, आणि रक्त यंत्रातून फिरताना यांना हुडहुडी भरते. शालीशिवाय पाऊल उचलत नाहीत. त्या दिवशी नेमकी घरी राहिली, इथेच, खुर्चीवर."

फोरमन खिडकीबाहेर बघत होते.

"मग घेतल्यापासून त्या फेरीपर्यंत गाडी कुठे कुठे होती?" मी लगबगकडे वळले.

"कुठे म्हणजे? दलालाकडून निघालो ते थेट मिस्त्रीकडे. भावोजींना चढता-उतरता यावं म्हणून ती बाहेर वळणारी सीट बसवायची होती ना. दोन दिवस तिथेच होती. मिस्त्री घरचाच माणूस, भावोजींच्या हाताखाली तयार झालेला. का? काय झालंय काय?"

"काही नाही. बॅटरी लवकर का उतरतेय ते बघतेय."

"सोडा ना बाई आता ते," फोरमन म्हणाले. आवाज दमलेला होता. "उतरवली ती उतरवली. त्याचा काथ्याकूट किती करायचा? मला वेगळंच विचारायचं होतं तुम्हाला. आत्ता, आहे अशी विकली तर काय येईल?"

"भंगाराचा भाव."

"आणि बॅटरी तुम्ही तपासली तेव्हासारखी असती तर?"

"दिलेत तेवढे सगळे परत. कदाचित वर थोडे. तशा बॅटरीची गाडी हल्ली मिळत नाही."

"सगळे परत," ते स्वतःशीच म्हणाले आणि मान हलवली. "मग ठीक आहे."

मी चहा संपवला आणि लगबगला म्हटलं, चल, तुझी गाडी दाखव. त्याच्या हातातला कप बशीत खडखडला. "माझी? ती... ती नाही आणलेली आज," तो म्हणाला.

मी येताना ती मागच्या गल्लीत बघितली होती. डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला होता.

४

"हात लावू नका," लगबग माझ्या मागे पळत आला. "ताई, तुम्हाला शप्पथ आहे!"

शपथेला मी फारशी भीक घालत नाही. मी सरळ गाडीखाली शिरले.

बॅटरीच्या पेटीवर कित्येक वर्षांच्या चिखलाचं कवच होतं. बोल्ट गंजून पेटीशी एकजीव झालेले. कारखान्यातून निघाल्यापासून त्यांना कुणी स्पर्शही केला नव्हता. यंत्र लावलं तर बॅटरी जेमतेम धुगधुगी धरून होती. या गाडीतून काही काढलं नव्हतं आणि या गाडीत काही घातलं नव्हतं.

"मग पळत होतास कशाला?" मी बाहेर येत विचारलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याला मी प्रथमच नीट बसलेलं बघत होते.

"कळलं ना आता तुम्हाला किती मेलीय ती? माझ्या ताईला मी म्हणत आलो, माझी गाडी धंद्यात अडकलेली असते म्हणून भावोजींना नेता येत नाही. अडकलेली कसली! तो चढ चढतच नाही ती. माझी गाडी चढली असती तर ताईला बांगड्या मोडाव्या लागल्या असत्या का?" त्याने बाहीने नाक पुसलं. "तिला सांगू नका."

मी नाही सांगितलं. अशा गोष्टी सांगायचे मी पैसे घेत नाही.

उरला मिस्त्री. त्याचं गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. पुढे उजेड, मागे काळोख, आणि मधे हवेत टांगलेल्या गाड्या. मला बघून त्याने 'या' म्हटलं, पण डोळे वर उचलले नाहीत. सीट कशी बसवली ते मी विचारलं, ते त्याने छान सांगितलं. बॅटरी उतरते कशी, हे विचारलं तर म्हणाला, "जुनी गाडी आहे, उतरणारच."

बोलता बोलता मी मागे सरकत गेले. एका मोडीत काढलेल्या गाडीचा सांगाडा तिथे पडला होता. त्याच मॉडेलचा, पोट रिकामं. म्हातारी बॅटरी आली कुठून ते कळलं. आणि सांगाड्याच्या पलीकडे, भिंतीशी, ताडपत्रीखाली काहीतरी चपटं आणि मोठं.

"ताई, तिला नका हात लावू," मिस्त्री कळवळून म्हणाला.

मी ताडपत्री उचलली. खाली लाकडी ठोकळे, ठोकळ्यांवर जुनी गादी, गादीवर बॅटरी. तारांची तोंडं चिकटपट्टीने नीट बंद केलेली. अंगावर धुळीचा कण नाही. आणि कोपऱ्यात माझा लाल ठिपका, अर्धा, जोडीचा बोल्ट निघून गेल्यामुळे चंद्रकोरीसारखा उरलेला.

मी आयुष्यात चोरीचा माल पुष्कळ बघितलाय. तो घाईघाईत कुठेतरी कोंबलेला असतो आणि दोन दिवसांत विकला जातो. त्याला कुणी गादीवर निजवत नाही.

"ही विकायची नाहीये," मी म्हणाले. "मग काय करायचंय हिचं?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

"परत चढवायचीय," तो शेवटी म्हणाला. "त्याच गाडीत. नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

त्याच्या डोळ्यांत पाणी भरलं. एवढा मोठा बाप्या, माझ्यापुढे लहान पोरासारखा रडायला लागला आणि काही केल्या सांगेना.

५

गॅरेजसमोर माझ्या गाडीत बसून मी सगळं एकेक करून मनात मांडलं.

दलाल सुटला, कारण त्याच्या फाटकातून चांगली बॅटरी बाहेर पडली होती. लगबग सुटला, कारण त्याच्या गाडीखालचा चिखल खोटं बोलू शकत नव्हता. बॅटरी मिस्त्रीने काढली हे उघड होतं, पण स्वतःसाठी नाही, कारण त्याने ती विकली नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून काढली. असं कुणी, ज्याला मिस्त्री नाही म्हणू शकत नाही. आणि ज्याला ती बॅटरी नको नव्हती, फक्त 'नंतर'पर्यंत बाजूला ठेवायची होती.

मग मला छत्री आठवली. हॉस्पिटलात जायला निघालेला माणूस शाल घेतो. उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागणार हे ज्याला ठाऊक आहे, तो छत्री घेतो. वहिनी म्हणाल्या होत्या, शाल 'राहिली'. आणि ज्या माणसाने साध्या आरशाला 'तुटला' म्हणू दिलं नाही, त्याने तो शब्द मुकाट्याने जाऊ दिला होता.

आणि शेवटी तो एक 'व'. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगत फिरत होते, बॅटरी उतरतेय. दलाल म्हणाला 'उतरतेय', मिस्त्री म्हणाला 'उतरणारच'. बॅटरी आपोआप उतरते, तिची वीज संपते, यात कुणाचा हात नसतो. फोरमन मात्र म्हणाले होते, 'उतरवली ती उतरवली.' कुणीतरी हाताने खाली उतरवली. मी चहाच्या नादात 'उतरली' असंच ऐकलं. त्यांची जीभ घसरली नव्हती. उलट जन्मभराच्या सवयीने तिने चुकीचा शब्द उच्चारायला नकार दिला होता.

मी वहिनी शाळेत असताना गेले. फोरमन खिडकीपाशीच होते.

"मिस्त्रीकडची ताडपत्री उचलून आले," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "तुम्हाला फी देणाऱ्या माणसाने विचार करायला हवा होता."

"का केलंत?"

"नको म्हणून झालं होतं, बाई. किती वेळा. ऐकते का ती? आधी साठवलेलं गेलं, मग बांगड्या गेल्या, आता घराचे कागद काढून बघत असते, मला दिसतं. आणि कशासाठी? मी बरा होणार नाही. डॉक्टरने सांगितलंय, तिच्यासमोरच सांगितलंय. एक दिवस जायचं, एक दिवस पडून राहायचं, परत जायचं. मी पुरा थकलोय." दम लागला म्हणून ते थांबले. "पण मी सरळ नाही म्हटलं, तर ती उरलेला जन्म म्हणत राहणार, मी समजूत घालायला कमी पडले. गाडी बंद पडली तर तसं नाही. गाडी बंद पडली, भाडं संपलं, उपचार थांबले. कुणी थांबवले नाहीत. कुणाचा दोष नाही."

"आणि मिस्त्री ती बॅटरी नंतर परत चढवणार."

"मी गेल्यावर. मग तिने तुम्हालाच बोलावलं असतं. तुम्ही तपासली असती, ठिपका दिला असता. सगळे पैसे परत." त्यांच्या चेहऱ्यावर फोरमनचा जुना तोरा क्षणभर येऊन गेला. "हिशेब चोख होता."

मला असा संताप आला की मी ओरडलेच. "तुमच्या चोख हिशेबापायी ती बाई त्या चढावर भर उन्हात उभी होती!"

"छत्री घेतली होती मी," ते म्हणाले.

मी म्हटलं, की मिस्त्री उद्या बॅटरी परत बसवेल, मी समोर उभी राहीन. वहिनींना मी काहीतरी थाप मारेन. परवा तुम्ही निमूट गाडीत बसायचं.

"चढवा ना," ते म्हणाले. "बॅटरी चढवता येईल. पण आता तुम्हाला कळलंच आहे, तेव्हा एक सोंग कमी झालं. मला नाही कुणी चढवायचं."

६

मिस्त्रीने बॅटरी बसवली. मी तपासली, नवा ठिपका दिला. डायलिसिसच्या दिवशी सकाळी गाडी पुरी चार्ज होऊन दारात उभी होती. वहिनींनी पुढचं दार उघडलं, खालचा दांडा ओढला, आणि सीट संथपणे बाहेरच्या बाजूला वळली, कुणीतरी येऊन बसावं म्हणून.

"कनेक्शन सैल होतं," मी वहिनींना सांगितलं. "मिस्त्रीच्या लक्षात आलं नव्हतं. आता काळजी नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. दुसरं काही विचारलं नाही.

मग त्यांनी खिडकीकडे बघून हाक मारली. "अहो, चला."

"मी नाही येत," फोरमन आतून म्हणाले. रागाने नाही. एखाद्याने आज भूक नाही म्हणावं तसं.

वहिनी आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. मी बाहेर उभी राहून त्या रिकाम्या सीटकडे बघत होते आणि स्वतःला कोसत होते. चोर सापडला होता, माल सापडला होता, गाडी दोनदा तो चढ चढेल अशी झाली होती. आणि मी हे सगळं शोधलं नसतं तर निदान अजून थोड्या फेऱ्या ते भाड्याच्या गाडीने गेले असते. किंमत सांगण्यात माझी कधी चूक होत नाही, पण या शोधाची किंमत काय पडणार हे मला आधी कळलं नव्हतं.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात शाल होती आणि दुसऱ्या हातातला फोन वाजत होता. हॉस्पिटलचा असणार. वेळ होऊन गेली होती.

"सांग, गाडी बंद पडली," खिडकीतून आवाज आला.

वहिनींनी फोन कानाला लावला. "हो, मीच बोलतेय. नाही, गाडी चांगली आहे." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, राहिलं नाही. थांबलं नाही." त्यांचा आवाज फुटला, पण त्यांनी तो सावरला. "थांबवलंय. त्यांनी थांबवलंय. त्यांनीच."

खिडकीत काही हालचाल झाली नाही.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "कनेक्शन सैल नव्हतं ना, ताई?"

मी चपलेचा निसटता अंगठा बघत राहिले.

"तुम्ही गाडीखालून बाहेर आलात तेव्हा म्हणालात, बॅटरी उतरतेय. आणि मी विचारलं, कुणी केलं. तुम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं." त्यांनी शाल छातीशी धरली. "त्यांनी चढावर छत्री उघडली, तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी तुमच्याकडे आले. वाटलं, तुम्ही शोधाल आणि कुणीतरी चोर निघेल. दलाल निघेल, मिस्त्री निघेल. माझा सख्खा भाऊ निघाला असता तरी मी देवाचे आभार मानले असते."

मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्यांनी तो सोडवून घेतला, शाल सीटवर ठेवली आणि दांडा ओढला. शालीसकट सीट आत वळली. त्यांनी दार लावलं.

"आता हिची किंमत सांगा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने सांगा."

एरवी किंमत सांगायला मला पापणी लवेपर्यंतही वेळ लागत नाही. त्या दिवशी मी गाडीभोवती एक फेरी मारली.

"सगळे परत येतील," मी शेवटी म्हणाले. "दिलेत तेवढे सगळे."

खिडकीत फोरमननी मान हलवली, काम पसंत पडल्यासारखी. वहिनी तिकडे बघत नव्हत्या. त्या खाली बसून चार्जरची वायर गुंडाळत होत्या.